तोतरेपणाचे सात ‘रामबाण’ उपाय: आत्तीच्या फॉरवर्डला जाहीर उत्तर

‘मूल तोतरं का बोलतं? डॉक्टर लपवतात ते सत्य!’ असा मथळा, खाली सात कलमं, शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’. कोल्हापुरात ज्यांची पोरं बालवाडी ते चौथीत आहेत, त्या बहुतेकांच्या फोनवर हा मेसेज येऊन गेला असणार. मी स्पीच थेरपिस्ट, त्यामुळं मला तो जरा जास्तच वेळा आला. दर वेळी डिलीट केला. परवा मात्र सख्ख्या आत्तीनं पाठवला. “तुझ्याच लाईनीतलं हाय की गं, बघ.” आणि त्याखाली, “आम्ही खडे सुरू केल्यात.”

खडे म्हणजे काय, तर तिच्या साडेचार वर्षांच्या नातवाच्या तोंडात दोन धुतलेले खडे ठेवायचे आणि त्याला रोज तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’ म्हणायला लावायचं. मी तिला लगेच फोन केला, काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण आत्ती एकटी नाही, म्हणून हे.

मेसेजचा सारांश असा: जिभेखालचा पडदा कापून घ्या. तोंडात खडे ठेवून बोलायला लावा. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळा, वर शंखातलं पाणी पाजा. घरात एकच भाषा ठेवा. तोतऱ्या मुलाशेजारी आपलं मूल बसू देऊ नका, नकलेनं लागतं. अडखळलं की तिथंच थांबवा आणि चारचौघांसमोर पहिल्यापासून नीट म्हणायला लावा. आणि सातवं, हे सात वर्षांपर्यंत आपोआप जातं, स्पीच थेरपी हा पैसे काढायचा धंदा आहे.

आपोआप जाणारच असेल, तर आधीची सहा कलमं कशाला लिहिली, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

खड्यांचं आधी उरकते. ही गोष्ट ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसची. तो तोंडात खडे ठेवून भाषणाचा सराव करायचा असं सांगतात. खरं असेल नसेल, पण तो मोठा माणूस होता. साडेचार वर्षांचं पोर मध्येच हसतं, रडतं, दचकतं. खडा श्वासनलिकेत गेला तर तोतरेपणाची काळजी करायला वेळच उरणार नाही. शेंगदाण्यानं होतं, खड्यानं का होणार नाही?

आता जीभ. हा समज इतका घट्ट आहे की निम्मे पालक माझ्यासमोर बसल्या बसल्या पोराला “आ कर, जीभ दाखव” म्हणतात. त्यांना मी एकच विचारते. जोतिबाच्या यात्रेत हा ‘चांगभलं’ ओरडताना अडकतो का? नाही. आरतीत अडकतो? नाही. वर्गानं मिळून पाढे म्हटले तर? तेव्हाही नाही. तोच पोरगा बाईंनी एकट्याला उभं केलं की ‘बे एके बे’च्या पहिल्या ‘बे’वर ओठ मिटून, डोळे मिचकावत, पाय आपटत उभा राहतो. जीभ दोन्हीकडं तीच, पडदाही तोच. अडचण जिभेखाली असती तर ती जोतिबाच्या डोंगरावर कुठं गेली होती? सुरात किंवा घोळक्याबरोबर बोलताना तोतरेपणा जवळपास नाहीसा होतो, हे आमच्या क्षेत्रात फार जुनं आणि शेकडो वेळा पडताळलेलं निरीक्षण आहे. अडथळा आहे तो बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत. तिथं कात्री पोचत नाही.

कात्रीचा प्रयोगही होऊन गेलाय. १८४१ मध्ये बर्लिनचा नामांकित सर्जन डीफेनबाख यानं तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी काप घेतले. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल जगासमोर आली १८४६ मध्ये, तेव्हा त्या लोकांनी काय सोसलं असेल ते बघा. तो उपाय लवकरच बंद पडला. आपल्या व्हॉट्सॲपवर तो पावणेदोनशे वर्षांनी ‘नवं संशोधन’ म्हणून आलाय. आखूड पडदा ही खरी गोष्ट आहे, मान्य. तान्ह्या बाळाला त्यामुळं अंगावर पिताना त्रास होतो, क्वचित एखाददुसरा उच्चारही बिघडतो. ते डॉक्टरनं बघून ठरवावं. ‘कप’ला ‘तप’ म्हणणारं मूल आणि ‘क-क-क-कप’ म्हणणारं मूल यांचे प्रश्नच वेगळे, आणि पडदा कापून तोतरेपणा जात नाही.

वेखंडावर बोललं की लोक चिडतात, कारण ते घराघरातल्या बाळगुटीत असतं. पण त्यात बीटा-असॅरोन नावाचं द्रव्य असतं. त्यानं उंदरांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. शंखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाणी स्वच्छ असलं म्हणजे झालं.

दोन भाषांचा मुद्दा कोल्हापुरात बसून कुणी कसा लिहू शकतो, हे मला कळत नाही. निपाणीत, गडहिंग्लजमध्ये, अर्ध्या सीमाभागात पोरं आजीशी कानडी, आईशी मराठी आणि शाळेत तिसरंच काहीतरी बोलत मोठी होतात. दोन भाषांनी मूल तोतरं होत असतं तर निपाणीच्या बाजारात एक सौदा सरळ झाला नसता. आजीची भाषा तोडून पोराला काय मिळणार? आजी तेवढी जाईल.

आता पाचवं आणि सहावं कलम. माझा सगळा राग या दोनांवर आहे, कारण बाकीचं वेडगळ आहे आणि हे क्रूर आहे. माझ्याकडं येणाऱ्या पहिलीतल्या एका मुलाला या मेसेजनंतर शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. शेजारच्या मुलाच्या आईनं मागणी केली आणि शाळेनं ती ऐकली. तो आधी अडखळत का होईना, भरपूर बोलायचा. आता स्वतःचं नाव विचारलं तरी आईकडं बघतो. भूक लागली की ‘भाकरी’ म्हणत नाही, ‘ते गोल’ म्हणतो, कारण ‘भ’वर अडकायला होतं. सहा वर्षांचं पोर रोज शब्द चुकवत, पळवाटा काढत जगतंय.

नकलेनं तोतरेपणा लागत नाही. पोरं चार दिवस चिडवायला नक्कल करतात आणि विसरतात. तोतरेपणा घराण्यात चालतो, ही गोष्ट आजोबा-काकांची चौकशी केली की आमच्या थेरपीच्या खोलीतही दिसते. २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच्याशी निगडित जनुकीय बदलांवर शोधनिबंध आला. त्याची सुरुवात पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून झाली होती. सगळ्यांचा तोतरेपणा त्या जनुकांमुळं नसतो, हेही खरं. पण बाकामुळं तर कुणाचाच नसतो.

आणि ‘थांबवा, चारचौघांत नीट म्हणायला लावा’ याचं काय होतं ते बघायला अंदाज लावायची गरज नाही. १९३९ मध्ये आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातली बारा मुलं नीट बोलणारी होती. त्यांच्यातल्या सहाजणांना महिनोन् महिने सांगितलं गेलं की तुमच्या बोलण्यात दोष आहे, अडखळलात की लगेच थांबा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. जॉन्सन स्वतः तोतरे होते. मुलाच्या बोलण्याला नावं ठेवल्यानंच तोतरेपणा तयार होतो असा त्यांचा सिद्धांत होता. तो इथं टिकला नाही. पुढं संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा मुलं तोतरी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पण ती मुलं गप्प झाली. बोलायला टाळू लागली, वर्गात उत्तर देईनात, लाजून तोंड लपवू लागली. हा प्रबंध कित्येक वर्षं ग्रंथालयात पडून राहिला. वर्तमानपत्रातून बोभाटा झाल्यावर २००१ मध्ये विद्यापीठानं माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्यानं ९,२५,००० डॉलर देऊन खटला मिटवला.

ज्या वाक्यांसाठी एका राज्याला भरपाई द्यावी लागली, जवळपास तीच वाक्यं आपण सहावं कलम म्हणून दहा ग्रुपवर पाठवतोय, हात जोडून. आणि ज्या पोरांना ती ऐकवायची, ती आधीच अडखळणारी आहेत.

राहिलं सातवं कलम. इथं मला थोडं मागं सरावं लागतं. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी तोतरं बोलतात, बहुतेकांचं दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून कमी नव्हे इतक्यांचं पुढं थांबतं. मोठ्या माणसांत प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उरतं. म्हणजे ‘जाईल आपोआप’ म्हणणारी आजी बऱ्याचदा बरोबर ठरते. ‘पंधरा दिवसांत गॅरंटी’चे बोर्ड लावून पालकांना लुबाडणारे आहेत, हेही नाकारत नाही. पण कुणाचं जाणार आणि कुणाचं राहणार, हे आजीला दिसत नाही. मुलगा असेल, घरात कुणाचा तोतरेपणा मोठेपणीही राहिला असेल, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, किंवा वर्ष होत आलं तरी कमी होत नसेल, तर सातव्या वाढदिवसाची वाट बघू नका. शाळेत जायच्या आधीचा हा काळ उपचाराला सगळ्यात सोपा असतो आणि मेसेज नेमका तोच घालवायला सांगतो.

उपचार काय असतो? लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेला लिडकोंब कार्यक्रम बघा. त्यात मुख्य काम आई-बापच करतात. रोज थोडा वेळ खेळता-बोलता पोर सलग बोललं की “किती सरळ सांगितलंस!” म्हणायचं, आणि आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडं जाऊन ते बरोबर चाललंय का ते बघून घ्यायचं. न्यूझीलंडमध्ये तीन ते सहा वर्षांच्या ५४ मुलांवर त्याची चाचणी झाली, २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापली. नऊ महिन्यांनी, हा उपचार घेतलेली मुलं शंभर अक्षरांत सरासरी दीड वेळा अडखळत होती, न घेतलेली जवळपास चार वेळा. यात कुठं खडे दिसतात का?

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी घेतल्यावर ती नोंदणी मिळते. १९९२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. कैदेची तरतूद आहे, पण दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये, त्यामुळं बोर्ड लावणाऱ्यांना भीती किती ते ओळखा. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि डॉक्टरांना बोलण्याचं आवर्जून सांगा.

घरी एवढं करा: तो अडकला की त्याच्याकडं बघत थांबा, शब्द पुरा करून देऊ नका, “हळू बोल” म्हणू नका, स्वतःच जरा सावकाश बोला. आणि बाई-गुरुजी हो, हजेरीला ‘प्रेझेंट मॅडम’ तोंडानंच आलं पाहिजे असा काही जीआर नाही. त्याला हात वर करू द्या. वाचन घ्यायचं तर आधी शेजारच्याबरोबर जोडीनं वाचू द्या, तो अडकणार नाही. तोंडी परीक्षेत त्याला दुप्पट वेळ द्या आणि मार्क उत्तराला द्या.