नव्या कॉम्प्युटरवर रंग बिघडले म्हणजे मॉनिटर गेला, हे खरं नाही

फोटो, छपाई किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्या कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की एक संदेश त्याच्यापर्यंत हमखास पोहोचतो. त्यात पाच गोष्टी सांगितलेल्या असतात. नव्या मशीनवर रंग वेगळे दिसले तर मॉनिटर उतरला असं समजा. जुन्या मशीनवरची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे पडदा रंग कसे दाखवतो याचं वर्णन असलेली फाइल, उचलून नव्यावर टाका. कॅलिब्रेशनची, म्हणजे पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करणारी, दोन सॉफ्टवेअर ठेवा, एक चुकलं तर दुसरं सांभाळून घेईल. उरलेला फरक ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधून भरून काढा. आणि सॉफ्टवेअरला मीटर (पडद्यावर टांगून रंग मोजायचं उपकरण) सापडत नसेल तर तो बाद झाला. या सल्ल्यावर विसंबून लोकांनी धडधाकट मॉनिटर विकायला काढलेले मी पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात तिसऱ्यापासून करतो, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर दोन वेगळी कामं करतं. आधी ते पडद्यावर रंगांचे ठोकळे दाखवून मीटरने मोजतं आणि लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांसाठी दुरुस्तीचे आलेख काढतं. मग त्या दुरुस्तीनंतर पडदा कोणता रंग नेमका कसा दाखवतो याचं वर्णन प्रोफाइलमध्ये लिहितं. दुरुस्तीचे आलेखही त्याच फाइलमध्ये, व्हीसीजीटी नावाच्या भागात ठेवले जातात. पण फाइल नुसती डिस्कवर पडून असेल तर पडद्यावर काहीच बदलत नाही. लॉगिन झाल्यावर लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम ते आलेख वाचतो आणि ग्राफिक्स कार्डातल्या लुक-अप टेबलात, म्हणजे कोणत्या आकड्याऐवजी पडद्याला कोणता पाठवायचा याच्या तक्त्यात, भरतो. विंडोजमध्ये या टेबलात प्रत्येक रंगासाठी २५६ नोंदी असतात.

असं टेबल एका पडद्याला एकच असतं. दोन लोडरांनी लिहिलेल्या दुरुस्त्यांची तिथे बेरीज होत नाही, सरासरीही निघत नाही. नंतर लिहिणारा आधीचं पुसतो. त्यामुळे दुसरं सॉफ्टवेअर पहिल्याची चूक सांभाळून घेतं या म्हणण्याला काही आधारच नाही. उलट पहिलं बरोबर असेल तर दुसरं ते उधळून लावतं.

नव्या कॉम्प्युटरवर हे जास्त का घडतं? कारण टेबलाला हात लावणारे तिथे बरेच असतात आणि आपण त्यांना बोलावलेलं नसतं. लॅपटॉप बनवणाऱ्याने आधीच टाकलेली रंगांची युटिलिटी असते. ग्राफिक्स ड्रायव्हरचं स्वतःचं पॅनेल असतं. विंडोजचा स्वतःचा लोडर असतो, तो विंडोज ७ पासून आहे. रात्री पडदा पिवळसर करणारे प्रोग्रॅम असतात. या सगळ्यांत आपण आपलं सॉफ्टवेअर टाकतो. माझ्या मशीनवर लॉगिननंतर चारेक सेकंद पडदा अगदी बरोबर दिसायचा आणि मग त्यावर हलकी गुलाबी झाक चढायची. दोन संध्याकाळी मी मॉनिटरच्या मेनूत घालवल्या. शेवटी कळलं की माझा लोडर आपलं काम चोख करत होता, पण त्याच्यामागून आधीपासून असलेली एक युटिलिटी जागी होऊन टेबल पुन्हा लिहीत होती.

तुमच्याकडेही लॉगिननंतर किंवा झोपेतून जागं केल्यावर रंग उडी मारत असतील तर आधी याचाच संशय घ्या. एकच लोडर ठेवा आणि बाकीचे सगळे बंद करा. टास्कबारवरचं चिन्ह बंद केलं की झालं असं समजू नका. स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर आणि सर्व्हिसेस या तिन्ही जागा पाहा. विंडोजचा लोडर 'कलर मॅनेजमेंट'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड', मग 'चेंज सिस्टिम डीफॉल्ट्स' आणि पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड' या वाटेने सापडतो. तिथे 'यूज विंडोज डिस्प्ले कॅलिब्रेशन' अशी चौकट असते. ती चालू ठेवायची असेल तर इतरांचे लोडर काढा, तुमच्या सॉफ्टवेअरचा ठेवायचा असेल तर ही चौकट रिकामी करा. टेबलात सध्या कुणाचे आकडे आहेत हे डोळ्यांनी ठरवू नका. आर्जिल सीएमएस या कॅलिब्रेशनच्या मोफत प्रोग्रॅमसंचात डिस्पविन नावाची आज्ञा आहे. तुमच्या प्रोफाइलमधले आलेखच कार्डात भरलेले आहेत का, हे ती तपासून सांगते.

आता पहिला मुद्दा. मॉनिटर उतरला असं म्हणण्याआधी दोन चाचण्या करा, दोन्हींना पैसे लागत नाहीत. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर स्वतः रंगवतो, ग्राफिक्स कार्डाचं टेबल त्याला लागू होत नाही. मेनूतला पांढरा आणि राखाडी नीट दिसतो पण डेस्कटॉपवर झाक आहे, तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. टेबलाचा परिणाम चित्र पडद्याकडे जाताना होतो, स्क्रीनशॉटमध्ये तो उतरत नाही. म्हणून स्क्रीनशॉट दुसऱ्या, भरवशाच्या मशीनवर उघडा. झाक तिथेही दिसली तर चूक प्रोफाइलची किंवा त्या प्रोग्रॅमची आहे. दिसली नाही, तर टेबल तपासा, मग केबलची सेटिंग, आणि मॉनिटरवर संशय त्यानंतर.

काळा रंग धुवट राखाडी दिसत असेल तर त्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. एचडीएमआयवरून कार्ड कधीकधी पडद्याला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच पातळी पाठवतं. हे ड्रायव्हरमध्ये 'फुल रेंज' निवडून सुटतं. कॅलिब्रेशनने ते झाकायला गेलात तर छटा गमावून बसाल. आणि बाकी सगळीकडे रंग भडक दिसत असतील, पण फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच फोटो ठीक असतील, तर पडदा वाइड गॅमट आहे, म्हणजे नेहमीच्या पडद्यापेक्षा जास्त गडद रंग दाखवू शकतो, आणि बाकीचे प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे कुणाचं कुणाशी भांडण नाही.

जुनी प्रोफाइल कॉपी करण्याबद्दल संदेशात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. मॉनिटर तोच, त्याच्या मेनूतली सेटिंग तीच, डिजिटल केबल आणि पूर्ण रेंज असेल, तर जुनी प्रोफाइल तात्पुरती चालू शकते. पण नव्या लॅपटॉपच्या पडद्याला जुन्याची प्रोफाइल लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. एकाच मॉडेलचे दोन पडदेसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारी पद्धत) चालू आणि बंद या तर एकाच पडद्याच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत; एकीत मोजलेली प्रोफाइल दुसरीत उपयोगाची नाही.

ग्राफिक्स पॅनेलमधल्या स्लायडरचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. प्रोफाइल हे एका ठराविक अवस्थेचं वर्णन असतं. मोजून झाल्यावर सॅच्युरेशन किंवा काँट्रास्ट हलवलात की ते वर्णन खोटं ठरतं, आणि फोटोचं सॉफ्टवेअर त्या खोट्या वर्णनावर विसंबून रंग बदलत राहतं. हे स्लायडर मूळ जागी आणा, मगच मोजा. लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट आवर्जून बंद करा: गडद चित्र आलं की बॅकलाइट मंद करणारी वीजबचत. मीटर काळे-राखाडी ठोकळे मोजत असताना ती प्रकाश कमी करते, आणि सावल्यांचा आलेख पहिल्यापासूनच चुकतो. खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा सेन्सरही बंद हवा. पडदा अर्धा तास तापू द्या, मग मीटर टांगा.

राहिला मीटर. एका वेळी एकच प्रोग्रॅम तो धरू शकतो. मागे दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आसपासचा उजेड मोजणारा भाग चालू असेल तर नव्या सॉफ्टवेअरला 'उपकरण सापडलं नाही' एवढंच दिसतं. दुसरं कारण ड्रायव्हरचं. विंडोजवर काही मीटरांना आर्जिलसाठी वेगळा यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागतो. तो टाकला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला मीटर दिसेनासा होतो, आणि कंपनीचा परत टाकला की आर्जिलला. मीटर कचऱ्यात टाकण्याआधी 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये तो कोणत्या नावाखाली दिसतो ते पाहा, तिथून ड्रायव्हर बदला, आणि यूएसबी हब काढून तो थेट कॉम्प्युटरला जोडा.