पासवर्ड दाबून ठेवला नव्हता दादा

नमस्कार दादा, तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. साइट तीन दिवस बंद राहिली, हळद पावडरच्या ऑर्डरी थांबल्या, त्याबद्दल मनापासून सॉरी, गिऱ्हाईकाचा माल अडकला की काय होतं ते मला पण कळतं.

पण "अ‍ॅडमिनचा पासवर्ड दाबून ठेवला आणि ५०० रुपये घेतल्यावरच दिला" हे जे लिहिलंय ते वाचून लय वाईट वाटलं. अकरा वर्षं सांगलीत विश्रामबागला साइट सांभाळायचं दुकान आहे, असं कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी रात्री ११:४० ला तुमचा फोन आला तेव्हा मी मिरजेला मेव्हण्याच्या वरातीत होतो, डीजे चालू, तुम्ही म्हणालात पासवर्ड सांगा, मी म्हणालो सांगता येत नाही. जरा तोडून बोललो असेन, ते मान्य. पण "सांगता येत नाही" म्हणजे "सांगणार नाही" असं नव्हतं हो. तुमची साइट ज्या वर्डप्रेसवर चालते, त्यात पासवर्ड डेटाबेसच्या (साइटची सगळी माहिती साठते तिथल्या) युजर्स टेबलमध्ये असतो, पण हॅश करून, म्हणजे नुसती अक्षरांची रांग दिसते, मूळ पासवर्ड मला काय कुणालाच वाचता येत नाही. तुम्ही मार्केट यार्डातली माणसं, तुम्हाला एका वाक्यात सांगतो, हळद दळल्यावर तिचं परत हळकुंड होत नाही, तसंच. जुना सांगता येत नाही, नवीन टाकून देता येतो.

आणि साइट त्या पासवर्डमुळं बंद नव्हतीच. तुमच्या भाच्याने (पोरगं हुशार आहे, राग नाही) सिक्युरिटीसाठी म्हणून होस्टिंगच्या पॅनलमधून डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पण साइट तो पासवर्ड जिथून वाचते त्या कॉन्फिग फाइलमध्ये जुनाच राहिला, त्यामुळं साइटला डेटाबेस सापडेना आणि ती पांढऱ्या पानावरची एरर यायला लागली. अशा वेळी लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्या हातात असता तरी उपयोग शून्य होता. वर त्याने तुमच्या अ‍ॅडमिन युजरला स्वतःचा ईमेल टाकलेला, म्हणून नंतर "पासवर्ड विसरलात" दाबलं तरी लिंक त्याच्याकडं जात होती.

रविवारी दुकान बंद असतं, बोर्डावर लिहिलंय. सोमवारी १० वाजता मी बसलो तर होस्टिंगचा पासवर्ड पण बदललेला, ओटीपी तुमच्या मोबाईलवर, आणि तुम्ही तासगावला बेदाण्याच्या सौद्यात, सहा कॉल केले, स्क्रीनशॉट आहेत. मंगळवारी सकाळी ओटीपी मिळाला आणि २० मिनिटांत साइट चालू झाली, लगेच नवीन अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. पैसे तुम्ही संध्याकाळी दिले. आधी कोण देतंय आणि मागितले पण नव्हते आधी.

डेटा एक ओळ गेली नाही हे पण लिहायला पाहिजे होतं. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी आलं तेव्हापासून मी कुणाचा बॅकअप दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवत नाही, बाहेर ठेवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

काल एका जुन्या गिऱ्हाईकाने फोन करून विचारलं, "माझा पण पासवर्ड तुमच्याकडंच अडकलाय का?" आता काय सांगायचं.

इथून पुढं लॉगिनची माहिती सगळ्यांना कागदावर द्यायचं बघतोय, रविवारी पण कुणीतरी फोन उचलेल अशी काहीतरी सोय करतो.

भाच्याचं लॉगिन अजून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच आहे, ते फक्त माल चढवण्यापुरत्या कमी अधिकाराचं करून घ्या. तुमचे ५०० पुढच्या रिन्यूवलला वळते करतो. स्टार एकच ठेवा पाहिजे तर, पण "दाबून ठेवला" तेवढं काढा दादा.