मस्का नको, हे मान्य. पण…

नमस्कार,

मेल लिहून उत्तर मागताना 'कृपया, क्षमस्व, आपल्या सोयीने' म्हणणं ही सगळी लाचारी आहे, ज्याला गरज असते तो उत्तर देतोच आणि बाकीच्यांना कितीही मस्का लावला तरी ते ढिम्म हलत नाहीत, असं तुमचं म्हणणं.

मस्क्याचं मला पटतं. 'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' म्हणून पुढे लांबलचक रामायण लिहिणारा माणूस नम्र नसतोच. 'आपल्या सोयीने कळवा' तर त्याहून वाईट, कारण ती सोय कधी होतच नाही.

पण गरज असलेला उत्तर देतोच, हे काही खरं नाही. मनात असूनही माणूस 'नंतर निवांत बघू' म्हणतो आणि मेल खाली ढकलला जातो. 'अहवालाबद्दल आपलं मत कळवावं' असं लिहिलं, की त्याला अख्खा अहवाल वाचायचा, मत बनवायचं आणि वर ते नीट मांडायचं, एवढी कामं लागतात. त्याऐवजी असं लिहून बघा: 'पान ४ वरच्या तक्त्यात गेल्या वर्षीचे आकडे ठेवू की काढू? अहवाल बुधवारी दुपारी छपाईला जातोय.' याला उभ्या उभ्या, फोनवरून 'काढा' एवढं उत्तर पुरतं. यात 'कृपया' कुठेच नाही, तरी माझ्या लेखी हाच मेल जास्त नम्र आहे. विषयाच्या ओळीतही 'महत्त्वाचे' न लिहिता हा प्रश्नच टाकावा.

छपाईची तारीख मी उगाच घातलेली नाही. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉपी मशीनपाशी गेलेल्या माणसाला मध्येच विचारायचं, 'माझी ५ पानं आहेत, आधी काढू का?' सुमारे ६० टक्के लोक हो म्हणाले. 'घाईत आहे' असं कारण जोडलं तर ९४ टक्के. गंमत म्हणजे 'कारण मला कॉप्या काढायच्या आहेत' या पोकळ कारणालाही ९३ टक्के! मात्र मागणी २० पानांची झाली, तेव्हा पोकळ कारणाचा काडीचाही उपयोग झाला नाही: कारण न देता २४ टक्के, पोकळ कारण देऊनही २४, खरं कारण दिल्यावर ४२. प्रयोग समोरासमोरचा होता, मेलचा नव्हे. तरी मोठं काम सांगताना खरं कारण लिहावं, एवढं मी त्यातून घेतो.

आणि एकच मेल आठ जणांना 'सर्वांना नमस्कार' म्हणून धाडला, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर बसतो. नाव घालून एकालाच विचारा.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, 'उत्तर नाही आलं तर सरळ झापावं'. 'माझा मागचा मेल आपण पाहिला नसावा' हा टोमणा आहे, तो मलाही नको. जुन्या मेलखालीच प्रश्न पुन्हा लिहा आणि जोडा, 'मंगळवारपर्यंत काही कळलं नाही तर आकडे काढून टाकतो.' मात्र निर्णय आपल्या अखत्यारीतला असेल तरच. पैसे किंवा सही यांचा मामला असेल, तर हे चालत नाही. तिथे फोनच करावा.