निळ्या अंड्यांचा जाब

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोंबड्या पाळणे हा काही लेख लिहिण्याचा विषय नव्हे. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, डालं पालथे घातलेले नाही असे घरच विरळा. माझी अडचण एवढीच, की आमच्या कोंबड्या निळी अंडी देतात. नागपूरच्या भाच्याने एका हौशी पक्षिपालकाकडून अरौकाना जातीची अंडी आणली, ती आम्ही खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवली, तिने ती २१ दिवस इमानाने उबवली, आणि त्यांतल्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, अंड्यावर आल्या त्या दिवसापासून मी गावाला जाब देतो आहे.

"कोंबड्यायले नीळ पाजता का जी, गुरुजी?" हा शेजाऱ्यांचा प्रश्न. त्यांच्या आईंना मात्र माझ्या उत्तरात रस नव्हता. त्यांनी अंडे राखेने घासले, पदराने पुसले, उन्हात धरले आणि रंग निघेना म्हणून माझ्याकडे अधिकच संशयाने पाहिले. अखेर मी ते फोडून आतला पापुद्रा सोलून दाखवला, तर कवच आतूनही तेवढेच निळे. पण बलक नेहमीसारखा पिवळाच निघाल्यामुळे आजी निराश झाल्या त्या झाल्याच. असा प्रत्येक खुलासा मला एका अंड्याला पडतो.

शिक्षकी पेशाची खोड जात नाही, म्हणून मी पारावर शास्त्रही सांगून पाहिले. तपकिरी अंड्याचा रंग कवच पुरे होताना वरून चढतो, तर चिली देशातून आलेल्या या जातीत बिलिव्हर्डिन नावाचे, पित्तातही आढळणारे रंगद्रव्य कवच बनत असतानाच त्यात मुरते, असे मी फोड करून सांगितले. श्रोत्यांनी त्यातला 'पित्त' एवढाच भाग घरी नेला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंड्यांनी जळजळ होते अशी वदंता पसरली, आणि ज्यांनी ती चाखलीही नव्हती त्यांनाही आंबट ढेकर येऊ लागले. मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात कोंबड्या धापा टाकू लागल्या आणि उष्म्याने कवचे पातळ झाली, तेव्हा "नीळ संपली वाटते" असेही ऐकून घेतले. एका तरुणाने तर कडकनाथ काळी अंडी देतो, तोच पाळा, असा सल्ला दिला. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मांस काळे असते, पण अंडी फिकट मळकट पांढरीच असतात. मात्र फोडून दाखवायला ते अंडे हाताशी नसल्यामुळे मी वाद घातला नाही.

खरा घोटाळा आमच्या कोंबड्याने केला. निळ्या कवचाचा गुण प्रबळ असतो. बापाकडून आला तरी लेकीच्या अंड्यात उतरतो, आणि गावरान आईचा तपकिरी रंग त्यावर चढला की अंडे हिरवट होते. आमच्या कोंबड्याला कुंपण ठाऊक नाही. शेजाऱ्यांच्या तलंगा अंड्यावर आल्या, तेव्हा ते टोपले घेऊनच दारात उभे राहिले. "आमच्या कोंबड्यायले हे का झालं जी?" मी प्रबळ गुणाचा पाठ सुरू केला, तोच आमच्या सौभाग्यवतींनी एका वाक्यात सगळे सांगून टाकले, आणि दोन्ही घरची माणसे तोंडाला पदर-उपरणे लावून आत गेली.

हल्ली आठवडी बाजारात शेजाऱ्यांची हिरवी अंडी आमच्या निळ्यांपेक्षा चढ्या भावाने खपतात. आपल्या कोंबड्या फक्त पालक खातात, असे ते गिऱ्हाइकाला शपथेवर सांगतात. आमच्या कोंबड्याला बांधून ठेवावे ही त्यांची मागणी मात्र त्यांनी मागे घेतली आहे.