वर्तमानपत्र, जाहिरात आणि इन्फ्लुएन्सर एकाच वर्गात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शाळेत माध्यम-अभ्यास हवा आणि त्यात वर्तमानपत्र, जाहिरात आणि इन्फ्लुएन्सर हे तिन्ही एकत्र शिकवावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इन्फ्लुएन्सरला अभ्यासक्रमात जागा दिली की त्याला प्रतिष्ठा मिळते, मुलांना ते जग शिक्षकांपेक्षा जास्त कळतं, मग शिकवणार काय, भाषा आणि इतिहास नीट शिकवले तर विवेक आपसूक येतो, वेगळे तास कशाला, आणि अशा शिक्षणातून कशावरच विश्वास न ठेवणारी मुलं तयार होतील. शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. पण त्याच्याकडे वळण्याआधी तिन्ही एकत्र का, हे सांगायला हवं, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

१८३३ मध्ये बेंजामिन डे यांनी न्यूयॉर्कमध्ये 'द सन' हे दैनिक एका सेंटला विकायला सुरुवात केली. तेव्हा बाकीची दैनिकं साधारण सहा सेंटला मिळत. एवढ्या कमी किमतीत पेपर चालवायचा तर पैसा जाहिरातदाराकडून यायला हवा, आणि जाहिरातदार यायचा तर वाचकांची गर्दी हवी. वाचक जमवायचे आणि त्यांचं लक्ष जाहिरातदाराला विकायचं, हा हिशेब तेव्हापासून पक्का होत गेला. त्याच्याबरोबर एक शिस्तही हळूहळू आली: बातमी इकडे, जाहिरात तिकडे, मध्ये रेघ. ती रेघ अनेकदा मोडली गेली. पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या, जाहिरातीला बातमीसारखा मथळा आणि टाइप देऊन वाचकाला फसवलं गेलं. पण काहीतरी मोडलं, असं म्हणता येतं ते ती रेघ होती म्हणूनच.

इन्फ्लुएन्सरच्या बाबतीत ही रेघ पानावरून उठून एका माणसाच्या बोलण्यात गेली आहे. तोच बातमीदार, तोच संपादक, तोच जाहिरात विभाग. काल स्वतःच्या आजारपणाबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोललेला चेहरा आज त्याच खोलीत, त्याच आवाजात एखाद्या क्रीमबद्दल बोलतो. ज्या मुलानं वर्तमानपत्राचं पान कधी नीट उलगडून पाहिलंच नाही, त्याला मधली रेघ नाहीशी झाली आहे हे कळणार कसं? म्हणून मी वर्तमानपत्र आधी घ्या म्हणते. पेपर वाचण्याची सवय लागावी, एवढ्यापुरतं ते नाही.

वर्तमानपत्र शिकवायचं म्हणजे काय, हेही सांगते. मुलांच्या गटाला वीस बातम्यांची यादी द्यावी आणि पहिल्या पानावर फक्त सहा बसतील असं सांगावं. कुठल्या ठेवायच्या यावर जोरदार भांडणं होतात. मग मथळे करायचे, तेही दोन स्तंभांत मावतील असे. तिथे एकेक शब्द गळताना बातमीचा अर्थ कसा हलतो ते मुलांना स्वतःच्या हातांनी कळतं. आणि सगळं जुळत आलं की त्यांना सांगायचं, खालचं अर्धं पान जाहिरातीला गेलं, आता कुठल्या तीन बातम्या काढणार? या एका तासानंतर 'बातमी निवडली जाते' हे वाक्य फळ्यावर लिहावं लागत नाही. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे यांनी १९६५ मध्ये नॉर्वेतल्या चार वर्तमानपत्रांत काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या बातम्या कशा आल्या याचा अभ्यास करून बातमीच्या निवडीचे निकष मांडले. ते निकष मुलांना आधी दिले तर पाठ होतात. भांडण झाल्यावर दिले तर मुलं आपलंच भांडण त्यांत शोधतात.

जाहिरातीचं काम त्या मानानं सोपं आहे, कारण जुनी जाहिरात स्वतःच बोलते. ब्रिटनमध्ये माध्यम-अभ्यास हा शालेय परीक्षेतला स्वतंत्र विषय आहे, आणि तिथल्या एका मंडळाच्या अभ्यासक्रमात १९५०च्या दशकातली टाइड पावडरची छापील जाहिरात होती. एक बाई पावडरचा खोका प्रेमानं कवटाळून उभी आहे आणि वर बदाम काढलेले आहेत. मुलं हसतात. मग त्यांना विचारायचं की आज तुम्ही पाहता त्या रील्समधलं काय पाहून पुढची पिढी हसेल. वर्ग शांत होतो, आणि मग खरी चर्चा सुरू होते.

आता प्रतिष्ठेचा मुद्दा. अभ्यासाला घेतलं म्हणजे डोक्यावर घेतलं, असं मला वाटत नाही. इतिहासाच्या पुस्तकात हुकूमशहाही असतात. पण तुमच्या शंकेत तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. ब्रिटनमधल्याच एक्यूए या परीक्षा मंडळानं झोएला या प्रसिद्ध इन्फ्लुएन्सरचं संकेतस्थळ जीसीएसई या शालेय परीक्षेच्या अभ्यासक्रमात ठेवलं होतं. तिच्या वाचकवर्गाचं वय वाढत गेलं, संकेतस्थळावर प्रौढांसाठीचा मजकूर आला आणि २०२१च्या जानेवारीत मंडळानं ते वगळलं. हा विषय साधारण चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी होता. जिवंत माणसाचं संकेतस्थळ पाठ्यपुस्तकासारखं नेमून देता येत नाही, कारण ते उद्या काय छापेल हे कोणाच्याच हातात नसतं. म्हणून वर्गात व्यक्ती नेमू नये, प्रश्न नेमावेत: याचे पैसे कोणी दिले? हे सांगितलं आहे का, आणि कुठे? ही गोष्ट नावडली असती तर या माणसाला तसं बोलता आलं असतं का? उदाहरण शिक्षकानं आधी पाहून, त्या आठवड्यापुरतं निवडावं.

'मुलांना सगळं कळतं' याबद्दल मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. मुलांना बटणं कळतात. करार कळत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये, टीव्ही नवा असताना, पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतो आहे असं वाटून प्रेक्षकाच्या मनात जे एकतर्फी नातं तयार होतं, त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. आज तो माणूस हातातल्या फोनवर दिवसातून दहादा येतो, अधूनमधून एखाद्या कॉमेंटला उत्तरही देतो, त्यामुळे ते नातं एकतर्फी आहे हे ओळखणं आणखी अवघड झालं आहे. आणि इन्फ्लुएन्सरला पैसे मिळतात ते नेमके या नात्याचे.

एक उदाहरण मी वर्गात नक्की घेईन. जून २०२१ मध्ये अमेरिकी टीव्ही-तारका किम कार्दाशियन यांनी एका क्रिप्टो टोकनबद्दल, म्हणजे एका आभासी चलनाबद्दल, इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली. हा आर्थिक सल्ला नाही, मित्रांनी नुकतंच सांगितलं ते तुम्हाला सांगते आहे, असा तिचा सूर होता. त्या पोस्टसाठी त्यांना अडीच लाख डॉलर मिळाले होते. पोस्टमध्ये 'अ‍ॅड' असा हॅशटॅग होता. मोबदल्याची माहिती नव्हती. अमेरिकेच्या रोखे-बाजार नियामकानं कारवाई केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी बारा लाख साठ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'पण अ‍ॅड लिहिलं होतं की!' तिथेच थांबून विचारायचं, मग 'मित्रांनी सांगितलं' हे शब्द तिथे कशासाठी होते? हॅशटॅग कायद्यासाठी असतो. मित्र तुमच्यासाठी असतात.

आता तुमचा तिसरा आक्षेप. भाषा आणि इतिहास उत्तम शिकवले जावेत, याबद्दल आपलं एकमत आहे. पण त्यातून हे कौशल्य आपसूक येतं का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅकग्रू यांनी दहा पीएचडी इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळं पाहायला देऊन त्यांची विश्वासार्हता ठरवायला सांगितली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या, नावं जवळपास सारखी. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेली छोटी संघटना, विशिष्ट वैचारिक भूमिका घेणारी. अनेक विद्यार्थी फसले आणि काही इतिहासकारही फसले. आयुष्यभर कागदपत्रं पारखणारी ही माणसं त्या पानावरच थांबून ते बारकाईनं वाचत राहिली. तथ्य-तपासनिसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं, नवे टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. चांगल्या वाचकाची जी सवय, मजकुरात खोल शिरण्याची, ती इथे आड आली. पान सोडून बाहेर पाहण्याची ही गोष्ट भाषेच्या तासाला सहसा शिकवली जात नाही, आणि ती शिकवायला फार वेळही लागत नाही.

आणि आता अविश्वासाचा प्रश्न. ही भीती तुमच्या एकट्याची नाही. अमेरिकन संशोधक डॅना बॉइड यांनी २०१७ मध्ये हाच प्रश्न जाहीरपणे विचारला होता: 'शंका घ्या' एवढंच शिकवत राहिलो तर लोक सगळ्याच संस्थांवर शंका घेऊन पहिल्या भेटणाऱ्या षड्‌यंत्राच्या गोष्टीवर विश्वास ठेवतील. मला हे पटतं. म्हणूनच फक्त फसवणुकीचे नमुने दाखवणारा अभ्यासक्रम मला नको आहे. विश्वास कशानं कमावला जातो, याला निम्मे तास द्यावेत. चुकीची दुरुस्ती छापणारी छोटी चौकट दाखवावी. आणि थॅलिडोमाइडची गोष्ट सांगावी. गरोदरपणात घेतलेल्या त्या औषधानं असंख्य मुलं व्यंग घेऊन जन्माला आली. ब्रिटनमध्ये ते डिस्टिलर्स ही कंपनी विकत होती. १९७२ मध्ये हॅरॉल्ड इव्हान्स संपादक असताना 'संडे टाइम्स'नं या मुलांच्या भरपाईसाठी मोहीम उघडली. डिस्टिलर्स ही त्या पेपरची मोठी जाहिरातदार होती. एका लेखावर न्यायालयानं बंदी घातली, प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७९ मध्ये निकाल वर्तमानपत्राच्या बाजूनं लागला. बातमी आणि जाहिरात यांच्यामधली रेघ कशासाठी असते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. हे ऐकलेलं मूल 'सगळे विकलेलेच असतात' असं सहजासहजी म्हणणार नाही.

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत आहे: याचा लेखी पेपर आणि व्याख्यांची घोकंपट्टी होणार असेल तर न शिकवलेलं बरं. स्वतंत्र विषयाचा माझा हट्टही नाही. कॅनडातल्या ऑन्टारियोनं १९८७ मध्ये माध्यम-साक्षरता इंग्रजी भाषेच्या विषयातच सक्तीची केली; तसं करता येतं.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की ज्या शिक्षकांना ही माणसं आणि हे अ‍ॅप्स माहीतच नाहीत, त्यांनी काय करायचं. त्यांनी मुलांना विचारावं. कोण काय विकतं, कोण कोणाबरोबर व्हिडिओ करतं, ही माहिती मुलं देतील, आणि उत्साहानं देतील. शिक्षकाकडे वर सांगितलेले तीन प्रश्न असले आणि मुलांच्या आवडत्या माणसाची टिंगल न करण्याचा संयम असला की पहिल्या तासाला तेवढं पुरेसं आहे. टिंगल केली तर मात्र मुलं लगेच बचावाला उभी राहतात आणि तो तास तिथेच संपतो.