बारा गावचं पाणी आणि ‘भाडोत्री’ नऊ नंबर

नमस्कार. ओगबेचेवरच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: नायजेरियन फुटबॉलपटू बार्थोलोम्यू ओगबेचे हा पंधरा-सोळा क्लब बदललेला भाडोत्री, ‘पयशांफाटल्यान धांवपी’ (पैशांमागे धावणारा). खरंच चांगला असता तर एखाद्या क्लबने धरून ठेवला असता. युरोपात कुणी विचारेना तेव्हा पेन्शन खायला भारतात आला. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर झालेल्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) दोन्ही फायनलमध्ये त्याचा एकही गोल नाही. आणि गोवेकराने त्याचं कौतुक का करावं, अशांनीच आमच्या पोरांची जागा अडवली.

शीर्षकातल्या ‘बारा गावचं पाणी प्यालेला’वरही तुमचा आक्षेप आहे, कारण आपण तो शब्दप्रयोग बेरक्या माणसासाठी वापरतो. त्याच अर्थाने वापरला होता. पस्तिशी ओलांडलेला नऊ नंबर (गोल करणारा मुख्य स्ट्रायकर) बेरकी नसेल तर सेंटर बॅकपुढे (मधल्या बचावपटूपुढे) त्याच्याकडे दुसरं असतं काय?

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. 2021 आणि 2022 च्या फायनलमध्ये ओगबेचेच्या नावावर गोल नाही. ‘दोन्ही फायनल त्याने जिंकून दिल्या’ हे मूळ लेखातलं वाक्य चुकीचं होतं.

आता क्लबांचा हिशेब. भटक्या खेळाडूची कारकीर्द वाचताना क्लब नुसते मोजून काही कळत नाही. प्रत्येक बदलासमोर चार गोष्टी लिहा: लोन होता की कायमचा बदल, करार संपला होता की मध्येच तुटला, त्या मोसमात क्लब वरच्या विभागात गेला की खाली, आणि कोच कोण होता. मग ‘निष्ठा’ हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

ओगबेचे पॅरिस सेंट जर्मेंमध्ये घडला. 2002 च्या विश्वचषकात नायजेरियाकडून खेळला तेव्हा तो 17 वर्षांचा होता. 2003 मध्ये पॅरिसने पॉलेटाला आणलं. पॉलेटा समोर असताना एकोणीस वर्षांच्या पोराला नऊ नंबरवर मिनिटं मिळणं अवघडच. बास्तिया आणि मेट्झ हे पुढचे दोन्ही मुक्काम लोनचे. लोनमध्ये मूळ करार जुन्याच क्लबशी राहतो, नोंदणी तेवढी तात्पुरती दुसरीकडे जाते, आणि पगार कुणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसात ठरवतात. म्हणजे तुमच्या यादीतले हे दोन क्लब त्याने ‘बदलले’ नाहीत, त्याला तिथे पाठवलं गेलं.

पुढे अबुधाबीचा अल जझीरा, मग स्पेन. अलावेस तेव्हा दुसऱ्या विभागात. तिथून वायाडोलिडमार्गे पहिल्या विभागात गेला, ही बढतीच. त्यानंतर काडिझ: 2009 मध्ये क्लब दुसऱ्या विभागात चढला आणि 2010 मध्ये पुन्हा उतरला. स्पेनमध्ये विभाग उतरला की टीव्हीचा पैसा आटतो आणि पगारांचं अंदाजपत्रक कापावं लागतं. गोल करणारा स्ट्रायकर सहसा संघातल्या महागड्या खेळाडूंपैकी असतो, त्यामुळे कात्री त्याच्यावर आधी चालते. ग्रीसच्या कावालाचं तर विचारूच नका. 2011 मध्ये मॅच-फिक्सिंग प्रकरणात तो क्लबच लीगमधून काढला गेला. खेळाडूने निष्ठा दाखवायची म्हटली तरी कुणाशी? त्याच वर्षी ओगबेचे इंग्लंडच्या मिडल्सब्रोला फ्रीवर, म्हणजे ट्रान्सफर फीशिवाय, गेला, आणि पुढची काही वर्षं नेदरलँड्समध्ये काम्बुर व विलेम टू इथे काढली.

‘फ्री’ या शब्दातच बरंच काही दडलेलं आहे. खेळाडू ज्या वर्षी 23 वर्षांचा होतो ते वर्ष संपेपर्यंत त्याला घेणाऱ्या परदेशी क्लबवर प्रशिक्षण-भरपाईचा बोजा येऊ शकतो. ते वर्ष सरलं आणि करारही संपलेला असला की घेणाऱ्याला पगार आणि एजंटचं कमिशन एवढाच खर्च. मग मधल्या फळीतल्या क्लबांना तीन वर्षांचा करार द्यायची गरजच वाटत नाही. ते ‘एक अधिक एक’ देतात, आणि दुसऱ्या वर्षाचा पर्याय बहुतेकदा क्लबच्या हातात ठेवतात. स्ट्रायकरने दहा गोल केले तर पर्याय वापरायचा, चार केले तर मे महिन्यात शेकहँड. पगार थकला तर आणखी वेगळं प्रकरण. 2018 पासून फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे: दोन महिन्यांचा पगार बेकायदेशीरपणे थकला, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यायची, आणि तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणासह करार मोडायचा. हा नियम करावा लागला यावरूनच कळतं की पैशांमागे नेमकं कोणाला धावावं लागत होतं.

आणि हाच निकष सुनील छेत्रीला लावून बघा. 2002 पासून 2013 पर्यंत मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, आपला धेंपो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, परत मोहन बागान, लिस्बनचा स्पोर्टिंग, आणि तिथून लोनवर चर्चिल ब्रदर्स. अकरा वर्षांत नऊ मुक्काम. त्याला भाडोत्री म्हणायची कुणाची छाती आहे?

किंवा कोरो घ्या. फेरान कोरोमिनास 2017 मध्ये एफसी गोवाकडे आला तेव्हा 34 वर्षांचा होता. एस्पान्योलनंतर ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का आणि शेवटी सायप्रसचा डोक्सा असा त्याचा प्रवास. 2006 मध्ये शेवटच्या सामन्यात, भरपाईच्या वेळेत गोल करून ज्याने एस्पान्योलला दुसऱ्या विभागात जाण्यापासून वाचवलं, तोच हा कोरो. गोव्याकडून त्याने तीन मोसमांत 18, 16 आणि 14 असे 48 लीग गोल केले आणि आपण त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वयाचा, तसाच फिरलेला ओगबेचे मात्र पेन्शनर! फरक एवढाच की त्याच्या अंगात आपली जर्सी नव्हती. त्यातून 2020-21 मध्ये ओगबेचे नेमका आपल्या जुन्या कोचच्या, लोबेराच्या मुंबईत होता. जाहू, फॉल, बूमूस, मंदार राव देसाई सगळे आपल्याकडून तिकडे गेलेले, आणि सेमीफायनलमध्ये त्याच संघाने आपल्याला पेनल्टींवर 6-5 ने हरवलं. तो राग समजतो. पण त्याचं बिल ओगबेचेच्या नावावर नको.

पेन्शनचा मुद्दा ओगबेचेच्या आयएसएलमधल्या गोलांच्या आकड्यांनी तपासू. नॉर्थईस्ट युनायटेडकडे 12, केरळा ब्लास्टर्सकडे 15, मुंबई सिटीकडे 8, हैदराबादकडे पहिल्या मोसमात 18 आणि दुसऱ्या मोसमात 10. एकूण 63. यातले 18 आणि त्याबरोबरचा गोल्डन बूट (मोसमात सर्वाधिक गोलांचा किताब) वयाच्या 37 व्या वर्षी. आपली लीग युरोपपेक्षा संथ आहे, मिडफिल्ड आणि बचाव यांच्यामध्ये मोकळी जागा जास्त मिळते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती जागा सगळ्याच परदेशी स्ट्रायकरांना मिळते. तरी अनेक जण पाच गोलांवर घरी जातात.

कारण संघ बदलला की स्ट्रायकरचं अर्धं ज्ञान कुचकामी होतं. नऊ नंबरचा खेळ विंगरच्या, म्हणजे बाजूने चढाई करणाऱ्याच्या, सवयीवर चालतो. एक विंगर पहिल्या टचनंतर लगेच लवकरचा क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू) टाकतो, दुसरा गोललाइनपर्यंत जाऊन मागे कट करतो. पहिल्यासाठी स्ट्रायकरने चेंडू सुटण्याआधीच नियर पोस्टकडे (गोलच्या जवळच्या खांबाकडे) सुटायचं असतं. दुसऱ्यासाठी सहा-यार्डात, म्हणजे गोलच्या अगदी तोंडाशी, घुसायचं नाही, उलट पेनल्टी स्पॉटच्या आसपास, म्हणजे गोललाइनपासून 11 मीटरवर, मागे राहायचं. उलटं झालं की चेंडू पाठीमागून जातो आणि गॅलरीतून शिव्या स्ट्रायकरला पडतात. हे जुळायला चार-सहा सामने जातात, तेही प्री-सीझन पूर्ण मिळाला तर. व्हिसा रखडला, जुन्या संघटनेकडून ट्रान्सफर सर्टिफिकेट उशिरा आलं, की खेळाडू मोसमाच्या तोंडावर पोहोचतो, तयारी अर्धवट राहते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरते. अनेक ‘फ्लॉप’ परदेशी खेळाडूंचं मूळ तिथे असतं. ओगबेचेने पाच मोसमांत चार संघ बदलूनही फक्त एकदाच दहाच्या खाली आकडा दिला. यात थोडी हुशारी निवडीचीही आहे. नॉर्थईस्टहून तो केरळात गेला तो कोच एल्को शाटोरीच्या पाठोपाठ, म्हणजे संघ नवा असला तरी खेळण्याची पद्धत ओळखीची होती.

बॉक्समधली त्याची उभं राहण्याची जागा जुन्या सामन्यांत थांबवून थांबवून बघा. तो सेंटर बॅकच्या समोर क्वचितच उभा राहतो, बहुतेक वेळा त्याच्या मागच्या खांद्याआड असतो. त्यामुळे बचावपटूला चेंडू आणि माणूस एकाच नजरेत धरता येत नाहीत. मान वळवली की चेंडू सुटतो, न वळवली की माणूस. विंगरने क्रॉससाठी मान खाली घातली की ओगबेचे दोन पावलं लांबच्या खांबाकडे (फार पोस्ट) टाकतो, बचावपटू ओढला जातो, आणि तो त्याच्या पुढून नियर पोस्टला निघतो. ही सगळी हालचाल चार-पाच मीटरची. चाळीस मीटरच्या शर्यतीत कुठलाही बावीस वर्षांचा पोर त्याला मागे टाकेल, म्हणून तो ती शर्यत लावतच नाही. पाठ गोलकडे असताना चेंडू घ्यायची पद्धतही बघण्यासारखी: कंबर खाली, हात पसरून बचावपटूचं अंतर राखलेलं, चेंडू बचावपटूपासून लांबच्या पायावर, आणि एका टचमध्ये मिडफिल्डरकडे परत. तिथे दुसरा टच घेतला की पोटरीवर लाथ ठरलेली.

2021 च्या फायनलकडे याच नजरेने बघा. सामना 1-1, 90 वं मिनिट. एटीके मोहन बागानचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य गोल सोडून बाहेर आला, चेंडू त्याला दूर मारता आला नाही, तो ओगबेचेने मिळवला. अशा वेळी स्ट्रायकरचा मोह काय असतो ते फुटबॉल बघणाऱ्याला सांगायला नको. त्याने मारला नाही, बिपिन सिंगला दिला. बिपिनचा गोल, मुंबई चँपियन. गोलांच्या रकान्यात ओगबेचेचं नाव नाही हे तुमचं खरं, पण त्या रकान्यात न बसणारं काम तिथे झालं. 2022 ला मात्र अशी पळवाट नाही. ती फायनल हैदराबादसाठी गोव्याच्या दोघांनी वाचवली: साहिल ताव्होराने 88 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि लक्ष्मीकांत कट्टीमनीने पेनल्टी अडवल्या.

गोव्याचा संबंध काय, हाही प्रश्न होता. करोनाच्या त्या दोन मोसमांत सगळी लीग फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन ठिकाणी झाली. फक्त 2020-21 मध्ये 115 सामने. गोव्याच्या एकाही क्लबकडून न खेळता त्याने दोन आयएसएल चषक गोव्यात उचलले. एवढा संबंध लेखाला पुरतो असं मला वाटतं.

राहिला आपल्या पोरांचा प्रश्न, आणि इथे तुमच्याशी भांडण नाही. 2014 मध्ये आयएसएलने एका वेळी सहा परदेशी मैदानात उतरवायची मुभा दिली. 2017-18 पासून पाच, 2021-22 मध्ये चार, त्यातला एक आशियाई. दरम्यान कोचनी सवयच लावून घेतली: नऊ नंबर परदेशी, आणि भारतीय फॉरवर्ड असेल तर त्याला विंगवर ढकला. पोर अठरा वर्षांचा असल्यापासून क्रॉस टाकायला शिकतो, क्रॉसवर जायला शिकत नाही. मग राष्ट्रीय संघाला स्ट्रायकर कुठून मिळणार?

पण ही जागा अडवायला सुरुवात कोणी केली, तेही बघू. आय-लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या आधीच्या राष्ट्रीय लीगच्या, पहिल्या सहा मोसमांत सर्वाधिक गोल करणारे दोघेच: आधी तीन वर्षं ओडाफा, नंतर तीन वर्षं रँटी मार्टिन्स. दोघेही नायजेरियन. सहापैकी पाच वेळा अंगावर जर्सी गोव्याची, तीनदा चर्चिल ब्रदर्सची आणि दोनदा धेंपोची. 2011-12 मध्ये रँटीने धेंपोसाठी 32 गोल केले, धेंपो चँपियन झाला, तेव्हा पोरांच्या जागेबद्दल पणजीत कुणी निषेध सभा घेतली नव्हती. तोच रँटी धेंपोत आठ वर्षं टिकला, कारण धेंपो तेव्हा आय-लीग जिंकत होता आणि पाठीशी उद्योगसमूहाचा भक्कम पैसा होता. पुढे कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, तिथेही 26 गोल केले, आणि मग त्याचेही क्लब बदलत गेले.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे. आता ते असं आहे: ‘2021 च्या फायनलमधला विजयी गोल ओगबेचेच्या पासवर बिपिनने केला, 2022 च्या फायनलमध्ये बरोबरीचा गोल साहिल ताव्होराचा.’ शीर्षक मात्र तसंच ठेवतोय.