कोणती ‘पूर्वीची सभ्यता’?

अमेरिकी काँग्रेसबद्दलचा, म्हणजे तिथल्या संसदेबद्दलचा, एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. पूर्वी तिथे सभ्यता होती; रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आणि प्रतिनिधीगृहाचे डेमोक्रॅट स्पीकर टिप ओ'नील दिवसा भांडत, संध्याकाळी मित्र असत; दोन्ही पक्ष एकत्र येत म्हणून देशाचं भलं होई; आता ते एकत्र येतच नाहीत. वाचून राहवलं नाही.

पूर्वी म्हणजे नक्की कधी? 22 मे 1856 ला सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, कामकाज संपल्यावर मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर आपल्या मेजावर लिहीत बसले होते. गुलामगिरीविरुद्धच्या त्यांच्या भाषणावर चिडलेले साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स आले आणि हातातल्या काठीने त्यांच्या डोक्यावर मारत सुटले. मेज जमिनीला ठोकलेलं, समनर त्यात अडकले. धडपडत उठताना त्यांनी ते मुळासकट उपटलं आणि रक्तबंबाळ होऊन कोसळले. काठी तुटली तरी मार चालूच होता. ब्रूक्सना शिक्षा काय, तर 300 डॉलर दंड. त्यांनी राजीनामा दिला, तर मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. समनर मात्र जवळपास तीन वर्षं सिनेटबाहेर राहिले.

रेगन-ओ'नील यांचा स्नेह मला मान्य आहे. पण 1983 चा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचा, समझोता स्नेहापोटी झाला नाही. निधी आटत आला होता, पेन्शन अडकायची वेळ आली होती. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच यांच्याबद्दल ओ'नील जे बोलले ते नियमबाह्य आहे, असा निर्णय सभागृहात झाला. स्वतः स्पीकरच्या विरोधात!

आता कुणी एकत्र येत नाही, हेही खोटं. 2021 चं पायाभूत सुविधांचं विधेयक सिनेटमध्ये 69 विरुद्ध 30 मतांनी मंजूर झालं, त्यात विरोधी रिपब्लिकन पक्षाचेही 19 जण होते.

एकमत झालं की भलंच होतं, हा समज तर सर्वांत घातक आहे. ऑगस्ट 1964 मध्ये टोंकिनचा ठराव, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा ठराव, प्रतिनिधीगृहात 416 विरुद्ध 0 आणि सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 असा मंजूर झाला. त्याच ठरावाच्या आधारावर व्हिएतनामचं युद्ध वाढवलं गेलं. विरोध करणारे ते दोघंच सिनेटर, मोर्स आणि ग्रुएनिंग, बरोबर ठरले. शिवाय जुना सलोखा टिकला तो कृष्णवर्णीयांचे हक्क बाजूला ठेवून, आणि तो सलोखा परत यावा असं मला मुळीच वाटत नाही.

1964 च्याच जूनमध्ये मात्र कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारं नागरी हक्क विधेयक लांबलचक भाषणांनी अडवून धरणाऱ्या दक्षिणेच्या सिनेटरांची भाषणबाजी बंद पाडायची होती. त्यासाठी 67 मतं हवी होती. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना मेंदूचा ट्यूमर झाला होता, वाचा गेली होती. व्हीलचेअरवरून त्यांना सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी डोळ्याकडे बोट नेलं. इंग्रजीत डोळा आणि होकार, दोन्हींचा उच्चार एकच: ‘आय’. भाषणबाजी थांबवण्याचा ठराव 71 विरुद्ध 29 असा मंजूर झाला, त्यात 27 रिपब्लिकन. 2 जुलैला कायद्यावर सही झाली. 30 जुलैला एंगल गेले.